१२० तासांचं काय केलं?

एम.ए., एम.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवलेला कुणी भेटला, तर त्याला टक्के विचारू नका. ओजेटी कुठे केली, एवढंच विचारा. उत्तर द्यायला तो जितका वेळ घेईल, त्यावरून पुढची दोन-चार वर्षं कशी जाणार ते कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलला. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचे (म्हणजेच ओजेटीचे) किंवा क्षेत्र प्रकल्पाचे ४, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि ६. कामाच्या एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास वर्गाबाहेर. पद्धत शिका, बाहेर जाऊन बघा, जे बघितलं त्यातूनच प्रश्न उचला आणि वर्षभर त्याच्या मागे लागा, असा हा सरळ क्रम आहे. मला तो मनापासून पटतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावात मात्र तो अनेकदा दुसऱ्या पायरीवरच मोडतो. ओळखीच्या दुकानाचं प्रमाणपत्र येतं, गोल शिक्का बसतो, अहवाल मागच्या बॅचच्या पेनड्राइव्हमधून निघतो. श्रेयांक जमा होतात आणि मुलगा होता तिथेच राहतो.

‘भोकरदनला कंपन्या कुठे आहेत, सर?’ ही मुलांची तक्रार मी मानत नाही.

पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार याच तालुक्यात आहे. वनस्पतिशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हंगामात त्या भागातल्या चार शेतांत उभं राहावं. मिरचीचं पान आकसलं की शेतकरी सरसकट ‘बोकड्या आला’ म्हणतो आणि दुकानदार देईल ते औषध मारतो. पण पानाच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे असतात, खाली वळल्या असतील तर कोळी. आणि पानं बारीक होऊन झाडच खुरटलं असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. विषाणूवर तर औषधच नाही, फवारायचं ते माशीवर. एक भिंग, एक वही आणि रोज दोन-तीन तास असले की पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय बांधावरच सापडतो. शेतकऱ्याची एक फवारणी वाचली, तर तो तुमचं नाव गावभर सांगेल.

इतिहासवाल्यांचं तर भाग्यच मोठं आहे. केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथले लोक होते, तिथल्या शिलालेखांत गावाचं नाव आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, पुढच्याच वर्षी देव आणि गुप्ते यांचा अहवाल छापून आला. इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी इतकी जुळते, की तीही इथल्याच कारागिरांची असावी, असं काही अभ्यासक मानतात. या गावात एम.ए. करणाऱ्याने दोन सत्रांत ब्राह्मी लिपी वाचायला शिकावं आणि १२० तास तालुक्यातल्याच अन्व्याच्या मंदिरातल्या शिल्पांची नोंद करण्यात घालवावेत. पुरातत्त्वातल्या कुठल्याही मुलाखतीत ती नोंदवही त्याच्यासाठी बोलेल.

रसायनशास्त्र आणि वाणिज्यवाल्यांना जालना गाठावं लागेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको या बियाणे कंपनीची सुरुवात केली ते जालन्यातच, आणि बियाण्यांइतकंच तिथलं पोलादही मोठं आहे. पण खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीला ‘जालन्याला जा’ म्हणणं सोपं असतं. परतीची गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. तिच्यासाठी तालुक्यातच काम शोधलं पाहिजे, आणि ते शोधणं तिचं एकटीचं काम नाही. ते विभागाचं आहे. तासिका तत्त्वावर वर्षं काढणाऱ्या प्राध्यापकाच्या गळ्यात ही जबाबदारी टाकून मोकळं होणं मात्र अन्यायाचं आहे. संस्थाचालकांनी त्यासाठी माणूस नेमावा आणि त्याला पगार द्यावा.

नेट परीक्षेचंही तसंच, तिची माहितीही विभागानेच वेळेत द्यायला हवी. ती दुसऱ्या वर्षाला असतानाच देता येते, वर्षातून दोनदा, हे कितीतरी मुलांना पदवी हातात पडल्यावर कळतं. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला खुल्या गटात वयाची अट ३० आहे आणि ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. आधी एम.ए., मग बी.एड., मग स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षं आणि शेवटी ‘पीएच.डी. करून बघू’ म्हणत पोरं तिशी ओलांडतात. हुशारीत ती कुठेही कमी नसतात. पहिल्या सत्रात त्यांच्यासमोर बसून कुणी वहीवर महिने मांडून दिले नाहीत, एवढंच झालं.

म्हणून विभागप्रमुखांना माझं एकच मागणं आहे. प्रवेश संपले की पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वीस मिनिटं द्या. दुसऱ्या सत्रात कुठे जाणार, कुणाच्या हाताखाली शिकणार, नेटचा पहिला अर्ज कोणत्या महिन्यात भरणार, हे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. तो कागद दर सत्राला बाहेर काढा. आणि पुढच्या वर्षी ओजेटीचा अहवाल तपासताना ज्या शेतकऱ्याचं, दुकानाचं किंवा कारखान्याचं नाव त्यात असेल, तिथे एक फोन करा.