रंगसेवा

सोसायटीच्या पार्किंगमधल्या रविवारच्या रंगसेवेची शासनाने दखल घ्यायलाच हवी. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. त्यावरचा ओरखडा काढण्यासाठी सभासद पॉलिशिंग मशीनने भोवतालचा थरही घासून ओरखड्याच्या पातळीला आणतात. समतेचा इतका शुद्ध प्रयोग अन्यत्र नाही! धुण्याला दोन बादल्या: एक शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळायची, तळाशी माती अडवणारी जाळी. पाणी टँकरचे, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. वर ‘९एच’ सिरॅमिकचे कवच. (ही मोजपट्टी पेन्सिलींच्या कठीणपणाची; तेव्हा पेन्सिलींपासून तरी गाडी निर्धास्त.) एकच शत्रू उरतो, रस्ता. म्हणून दूरदर्शी सभासदांनी गाडी बाहेर काढणेच थांबवले आहे. ते ऑफिसला रिक्षाने जातात आणि सिग्नलला रिक्षावाल्याला बॉनेटचे फोटो दाखवतात.