वारसनोंद

कादंबरी जेथे संपते तेथे समाधान न मानता तिच्या पुढील भागाची वाट पाहत बसणारा, आणि तो हाती पडताच तो लिहिल्याबद्दल लेखकावर मनातल्या मनात फिर्याद गुदरणारा असा वाचकांचा एक वर्ग आहे. त्या वर्गाचे लोणावळ्यातील मुखत्यार म्हणजे आमच्या आळीतील काका. वडगावच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालविलेल्या ह्या गृहस्थांची सातबारा आणि फेरफार ह्यांच्याखालोखाल निष्ठा आहे ती देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता' ह्या हिंदी कादंबरीवर. तिच्यापायी उत्तरेकडील कित्येकजण नागरी लिपी शिकले असे सांगतात. काकांना लिपी अवगत असल्यामुळे ते नुसती हिंदी शिकले, आणि तीही तिलिस्म म्हणजे मायावी तळघरे व ऐयार म्हणजे वेषांतरपटू हेर ह्यांच्यापुरतीच, त्यामुळे स्टेशनावरील हमालाशी ते नौगढच्या दरबारात उभे राहिल्यासारखे बोलतात आणि तो बिचारा ओझे खाली ठेवून त्यांच्याकडे पाहत राहतो.

आषाढात भुशीचे धरण भरून वाहू लागले आणि मुंबईची मंडळी ओल्या कपड्यांनिशी चिक्कीच्या दुकानांत शिरली, की काका दार लावून घेतात आणि 'चंद्रकांता' काढतात. नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता, तेजसिंहाची ऐयारी, आणि नावच क्रूरसिंह असल्यामुळे ज्याच्याविषयी संशयाला जागा उरत नाही असा खलपुरुष! 4 भागांत सर्वांचे हिशेब चुकते होतात, विवाह लागतो, दप्तर बंद होते. पुढे आठवडाभर काका इतके प्रसन्न असतात की उसने पैसे मागण्यास तोच काळ योग्य.

नंतर निघते 'चंद्रकांता संतती'. तिचे भाग 24. ज्या वीरेंद्रसिंहाला बोहल्यावर चढताना आपण डोळ्यांनी पाहिले, त्याच्या जागी इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह ह्या मुलांची नावे लागलेली पाहून काकांमधील कारकून खडबडून जागा होतो. "मूळ खातेदार हयात असताना वारसनोंद कशी?" हा त्यांचा रोकडा सवाल. तीच तळघरे, तीच बेशुद्धीची पूड, म्हणून ते चिडतात. आणि चार पानांनी एखादे अनोळखी पात्र आले, की ह्याला कोणी बोलावले म्हणूनही चिडतात.

मळवलीवरून लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी दिसतात. विसापूर अधिक उंच, अधिक ऐसपैस. तरी लोकांचा ओढा लोहगडाकडेच. 1818 साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, वर तोफा चढविल्या, आणि मग लोहगडाचा निरुपाय झाला. कादंबरीच्या पुढल्या भागाचेही तसेच, तो शत्रूच्या हाती पडला की पहिल्याची धडगत नाही, असा काकांचा सिद्धांत. नोकरीच्या काळात हा सिद्धांत त्यांनी लोकलमध्ये इतक्यांदा ऐकविला, की मळवली आली म्हणजे नेहमीचे उतारू पलीकडच्या खिडकीतून पाहू लागत. मला स्वतःला तो पटतो. मात्र तो मांडणारा मनुष्य दरसाल आपण होऊन विसापूर शत्रूच्या ताब्यात का देतो, हे उमगत नाही.

'संतती'च्या पुढचा 'भूतनाथ' मात्र त्यांनी अद्याप उघडलेला नाही. खत्री 1913 साली वारले आणि ती कादंबरी त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद ह्यांनी पुरी केली, म्हणजे येथे तर खुद्द लेखकाचीच वारसनोंद! संच कपाटात आहे. त्यावर धूळ नाही, एवढे मी पाहून ठेवले आहे.

गेल्या श्रावणात मी गेलो तेव्हा काका 'संतती'च्या अकराव्या भागात होते आणि कपाळाला आठ्या होत्या.

"कसा काय आहे?"

"लेखकाकडून खुलासा मागवावा, असा."

"मग ठेवा की बाजूला."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला.

"ठेवला असता हो. पण अधूनमधून वीरेंद्रसिंह येऊन जातो ना. वय झालंय आता, पोरांपुढे फारसं चालत नाही त्याचं. पण बरा आहे, एवढं तरी कळतं."