गुरुजींचं दुबई बीट

परदेशी निघालेल्या लेकराची शाळा आई-बाप ठरवतात, हा गैरसमज आहे. ती ठरवतो जिल्हा परिषदेचा निवृत्त मुख्याध्यापक. कारंजा तालुक्यात हा आजोबा हल्ली गावोगावी सापडतो. धनजला आमचे गुरुजी आहेत. मुलगा पुण्याहून दुबईला निघाला, सून सामान बांधायला लागली आणि इकडे गुरुजींनी कोऱ्या हजेरीपटावर लाल शाईनं रकाने आखले: शाळेचं नाव, बोर्ड, पटसंख्या, मैदान, मुतारी, शेरा.

मुतारीचा रकाना त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. शाळांच्या वेबसाइटवर पोहण्याचा तलाव होता, रोबोटिक्सची प्रयोगशाळा होती, हिरवळीवर खिदळणारी सहा रंगांची पोरं होती. मुतारीचा फोटो मात्र एकीनंही टाकला नव्हता. "अथीसाच गोम राह्यते," गुरुजी म्हणाले. "साहेब आला का आमी बी त्याले बगीचाच दाखवो."

मग बोर्डाचा प्रश्न. सीबीएसई त्यांना समजतं, ब्रिटिश अभ्यासक्रम ऐकून माहीत. अडले ते आयबीपाशी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटपाशी. ही संस्था 1968 साली जिनिव्हात निघाली आणि लहान मुलांचा तिचा कार्यक्रम 1997 चा, एवढं त्यांनी खोदून काढलं. "म्हंजे माह्यी सर्व्हिस त्याच्याहून जुनी," म्हणून पहिल्याच फटक्यात मार्क कापले. व्हिडिओ कॉलवर अशाच एका शाळेच्या प्रवेश विभागाच्या बाई आल्या तेव्हा गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पहिला प्रश्न, "वर्गात पह्यला नंबर कोनाचा येते?" बाई हसून म्हणाल्या, आमच्याकडे नंबर नसतात, प्रत्येक मूल आपल्या गतीनं शिकतं, आम्ही वर्षभर त्याचं निरीक्षण करून नोंदी ठेवतो. गुरुजी गप्प झाले. आम्हाला वाटलं, भारावले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "अबे, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन! हे तं आमाले 2010 सालीच पंचायत समितीच्या सभागृहात सांगतलं होतं, चा-बिस्किटावर. थ्याचे हे एवढे पैसे घेतात?"

एवढे म्हणजे किती, तेही त्यांनी मांडलं. एका शाळेची वर्षाची फी 40,000 दिरहॅम. दिरहॅमला 24 रुपये धरून 9 लाख 60 हजार. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे 180 क्विंटल. एकरी सात क्विंटल धरलं तर जवळपास 26 एकरांचं पीक एका पोराच्या पहिलीला. यात माल हमीभावानं विकला जाईल हे गृहीत आहे, यावरून गुरुजींचा आशावाद लक्षात यावा. मुलगा म्हणाला, "बाबा, अर्धी फी कंपनी देते." गुरुजींनी लगेच खाली लिहिलं: 13 एकर.

'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला मात्र ते बिचकत नाहीत. आपल्या राज्य सरकारनंही मध्यंतरी आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून जिल्हा परिषदेच्या निवडक शाळा त्याला जोडल्या होत्या. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यात गाजली. पुढे सरकार बदललं आणि मंडळ बंद पडलं. हा इतिहास मनात ठेवून गुरुजींनी मुलाला विचारलं, "तिकडं सरकार बदलते का?"

"नाही बाबा."

"मंग घाल."

त्यांचा जीव खरा जडला तो केएचडीएवर. दुबईतल्या खाजगी शाळांची तपासणी करणारं हे सरकारी खातं. ते शाळेला 'उत्कृष्ट'पासून 'अतिशय कमकुवत'पर्यंत सहांपैकी एक शेरा देतं आणि तो जगजाहीर करतं. फीसुद्धा त्याच्या मंजुरीशिवाय वाढत नाही. गुरुजींनी तपासणीचे अहवाल लाल पेन घेऊन वाचले आणि डोळे मिटून म्हणाले, "असा विस्तार अधिकारी आपल्या बीटात पायजे होता." 2024-25 साली नेहमीची पूर्ण तपासणी थांबवली होती असं कळलं, त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. साहेब येणार नाही म्हटल्यावर शाळा झाडते कोण, हा त्यांचा सवाल. आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

दरम्यान सुनेनं प्रवेश घेऊन टाकला. ज्या शाळेत जागा शिल्लक होती आणि जिची बस इमारतीच्या दाराशी येते, ती शाळा. दुबईत काय, पुण्यात काय, शाळा अखेर अशीच ठरते. पण हे गुरुजींना कोण सांगणार? सून शहाणी. तिनं कळवलं, "बाबा, तुमच्या तक्त्यात हीच वर होती." गुरुजींनी तक्ता पुन्हा पाहिला आणि ती शाळा वर घेतली.

आता ते सुट्ट्यांवर आले आहेत. तिकडे उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टची, हे ऐकून खूश होते; नातू पोळ्याला घरी, लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्यात फिरणार. पण 2026 ला अधिक ज्येष्ठ. पोळा गेला सप्टेंबरात, शाळा उघडणार ऑगस्टअखेर. परवा त्यांनी मला अर्जाचा मसुदा तपासायला दिला. प्रति, मा. प्राचार्य. विषय: अधिक मासामुळे पोळा लांबल्याने विद्यार्थ्यास रजा मिळणेबाबत. मजकूर चोख होता, समास सोडलेला, खाली 'आपला विश्वासू' आणि सही. त्याच्याही खाली, डाव्या बाजूला: प्रत माहितीस्तव, केएचडीए, दुबई.