चौथी सीट आणि कलम ६६-अ

सेन्सॉरशिपला आपल्या देशात कोणाचाच पाठिंबा नाही. फक्त समोरच्याने जरा जपून लिहावं, एवढी प्रत्येकाची माफक अपेक्षा असते. खात्री करायची असेल तर कोर्टाची पायरी चढू नये, सकाळची विरार-चर्चगेट फास्ट पकडावी. तिथे खंडपीठ रोज बसतं. तिघे ऐसपैस, चौथा अर्धा हवेत. एकमेकांची नावं कोणालाच ठाऊक नसतात, त्यामुळे मतं निःसंकोच मांडता येतात.

परवा सुरुवात बंद पंख्यापासून झाली. कोणीतरी कंगवा घालून तो फिरवला. मग कांद्याचे भाव झाले, भटकी कुत्री झाली आणि नालासोपारा यायच्या आत गाडी इंटरनेटवर आली.

"काहीही लिहितात हो लोक," खिडकीतले काका म्हणाले. "आत टाकलं पाहिजे."

"टाकलं होतं की," चौथ्या सीटवरून उत्तर आलं. "आपल्याच लाइनवर, पालघरला. २०१२ साली एका मुलीने मुंबई बंदवर फेसबुकवर टीका केली, दुसरीने लाइक केलं. दोघींना अटक!"

त्या गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ होतं. ऑनलाइन मजकुरातून त्रास देणं, गैरसोय करणं असल्या कारणांवरूनही ३ वर्षांपर्यंत कैदेची सोय त्यात होती. हे कलम लोकलला लावलं असतं, तर विरार फास्टमध्ये बोरिवलीसाठी चढणाऱ्याला जामीनसुद्धा मिळाला नसता. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला कळलं, की पोलीस त्याखाली अजून गुन्हे नोंदवतच आहेत! कलम गेलं, पोलीस ठाण्यांना सुतक कळवायचं राहून गेलं.

"मग आता काही बंद करायचं तर कसं करतात?" काकांना खरी काळजी वाटली.

"६९-अ आहे ना. सरकार हुकूम काढतं. शिवाय २००९ च्या नियमांनुसार तक्रार आणि कारवाई, सगळं गोपनीय."

"योग्यच आहे! काय बंद केलं ते सांगितलं, तर लोक नेमकं तेच बघायला धावतील."

आता उभ्यांतल्या एकाला राहवेना. "२०२३ मध्ये तर सरकारी कामाबद्दलचं खोटं कोणतं, हे सरकारच्याच तथ्य-तपासणी विभागाने ठरवायचं, असा नियम आणला होता. म्हणजे विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा!"

"मग? निकाल लवकर लागतो," काका म्हणाले.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केल्याचं ऐकून काका हळहळले. पण पुढच्याच मिनिटाला त्यांचा आवाज चढला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी टाकलेला पार्किंगचा मेसेज अ‍ॅडमिनने उडवला होता. नोटीस नाही, सुनावणी नाही! "ही हुकूमशाही आहे," काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. उडवलेल्या मेसेजचं दुःख डावं-उजवं बघत नाही.

एवढ्यात दाराजवळच्या एका पोराने मोबाइलवर मोठ्या आवाजात रील लावलं. "ए, बंद कर ते!" सगळा डबा एका सुरात ओरडला. त्यात सर्वांत वरचा आवाज चौथ्या सीटचा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता.

"कशाला बंद करू? काय वाईट आहे यात?" पोराने विचारलं.

कारण कोणी दिलं नाही. ते गोपनीय असावं.

पोराने निमूटपणे इयरफोन कानात घातले आणि दहिसर येईपर्यंत तो एकटाच फिदीफिदी हसत राहिला. डब्याची चुळबुळ वाढली. अखेर खिडकीतले काका वाकले आणि खालच्या पट्टीत म्हणाले, "बाळा, ते मला जरा फॉरवर्ड कर. नंबर घे."