पुढचं पान

पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला सांगावं लागत नाही, की एका पानावर वाढलं की पुढच्या पानाकडे सरकायचं. व्हिज्युअल बेसिकला सांगावं लागतं. टेबलातल्या नोंदी वाचायचं वळण ठरलेलं आहे: आधी 'डू व्हाइल नॉट ईओएफ' (म्हणजे नोंदी संपत नाहीत तोवर), मग काय ते काम, मग 'मूव्हनेक्स्ट' आणि शेवटी 'लूप'. यातला 'मूव्हनेक्स्ट' लिहायचा राहिला, की यंत्र पहिल्याच पाहुण्याला धरून बसतं. त्याचं 'पुरे, पुरे' ऐकणार कोण? पडदा थिजतो, पंख्याचा आवाज चढतो आणि कुणी बिचारे आपटे अकारविल्हे यादीत पहिले आल्याचं प्रायश्चित्त भोगत राहतात.

या विसरण्याचं मूळ थेट व्हिज्युअल बेसिकची पूर्वज असलेल्या बेसिक भाषेच्या जन्मात असावं, असं मला वाटतं. केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ साली डार्टमथ कॉलेजात बेसिक रचली, तीच गणित-विज्ञानाच्या वाटेला न गेलेल्या विद्यार्थ्यांनाही जमावी म्हणून. तिच्या 'फॉर-नेक्स्ट'मध्ये आकडा आपसूक पुढे जातो. हे लाड नोंदी वाचताना नडतात.

त्याहून नाजूक प्रश्न म्हणजे 'संपलं का?' हे विचारायचं कधी. सुरुवातीलाच विचारलं तर रिकामी पंगतही निभते. 'लूप अन्टिल' लावून शेवटी विचारलं, तर आधी वाढायचं आणि मग पान मांडलंय का ते बघायचं! टेबल रिकामं निघालं की चूक क्रमांक ३०२१ दारात उभी. पिक या डेटाबेस-प्रणालीतले बेसिकवाले यात शहाणे. त्यांच्या 'लूप' आणि 'रिपीट'च्या अधेमधे 'अन्टिल' घालता येतो: नोंद मागा, नसेल तर बाहेर पडा, असेल तर कामाला लागा. शिवाय त्यांचा 'रीडनेक्स्ट' पुढच्या नोंदीची किल्ली हातात देतानाच सरकतो, म्हणजे विसरायला काही उरतच नाही. फॉक्सप्रो या डेटाबेस-भाषेचा 'स्कॅन'ही असाच गुणी, आपणहून पुढे सरकणारा.

एवढा व्याप कशाला, आधी नोंदी मोजाव्यात आणि सरळ 'फॉर' लावावा, असं म्हणणारे हुशार प्रत्येक कचेरीत असतात. व्हिज्युअल बेसिकला टेबलातल्या नोंदी आणून देणाऱ्या एडीओचा रेकॉर्डसेट, म्हणजे नोंदींचा संच, फक्त पुढेच सरकणारा असेल, तर त्याला 'रेकॉर्डकाउंट' विचारून पाहावं. उत्तर येतं, उणे एक. शून्यसुद्धा नाही! एकपासून उणे एकपर्यंतचा 'फॉर' एकदाही फिरत नाही. चूक नाही, तक्रार नाही, कोरा अहवाल व्यवस्थित छापून बाहेर येतो, आणि साहेब विचारतात, "अहो, खातेदार गेले कुठे?"