पिणारी गाडी

भैरवगढात पातळ पदार्थ नाहीसा झाला, तर कोणी चौकशी करत नाही. काळभैरवाच्या देवळात पुजारी बशीत मद्य ओततो, मूर्तीच्या ओठांशी ती तिरपी धरतो आणि बशी रिकामी होते. ते जातं कुठे, हे विचारणारे बाहेरगावचे. आम्ही टोपलीत फुलांशेजारी बाटली ठेवून मुकाट रांगेत उभे राहतो. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी इथे पगडी वाहिली अशी कथा सांगतात. तेवढ्या आधारावर उज्जैनची आम्ही मराठी मंडळी स्वतःला देवाच्या जुन्या ओळखीतली समजतो. त्यामुळे आमच्या म्हाताऱ्या गाडीतला कूलंट कमी होऊ लागला, तेव्हा 'पीत असेल' असंच घरातलं पहिलं मत पडलं.

पिण्याचा प्रश्न मात्र खरा होता. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं विष. इकडे गल्लीतली कुत्री गाडीखालच्या सावलीत पसरलेली, आणि कुत्रं म्हणजे भैरवाचं वाहन. माझ्या वाहनाने त्याच्या वाहनाचा जीव घ्यायचा, म्हणजे ते प्रकरण कितीही बाटल्यांत मिटलं नसतं. थेंबांवर वाळू टाकली, कुत्र्यांना हाकललं आणि बाह्या सावरल्या.

गळतीचं असं असतं की थेंब पडतो एकीकडे आणि फुटलेलं असतं भलतीकडे. मधला प्रवास तो लोखंडाच्या कडेकडेने करतो. शिवाय थंड गाडी साळसूद असते. इंजिन तापून आत दाब चढला की मगच तिचं पितळ उघडं पडतं. आमचे शेजारी चाचा छपाई करणारे, भैरवगढच्या मेणाच्या बाटिकवाले. त्यांनी कोऱ्या सुती कापडाचा तुकडा गाडीखाली अंथरायला दिला. तासाभराने त्यावर हिरवे ठिपके उमटले. चाचांनी कापड उजेडात धरलं. "भिया, बूटी टेढ़ी है, पर रंग पक्का है!"

मग त्यांनी आपल्या धंद्यातला एक प्रश्न विचारला : नळी वळते कुठे? कापड दुमडलं की मेणाला तडा जातो आणि रंग नेमका तिथूनच आत शिरतो. बाटिकमधल्या त्या शिरांसारख्या रेघा तशाच येतात. बॅटरी मारून पाहिलं तर रेडिएटरच्या खालच्या होज पाइपला, क्लिपच्या अगदी काठावर, पांढरट हिरवी खपली धरलेली. वाळलेला कूलंट मागे ठेवतो ती खूण हीच.

एव्हाना गल्लीतले सल्लागार जमले होते. एकाचा आग्रह हळदीचा. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, फुगून भोक बुजतं. बुजतं, हे खरं; पण हळदीला चांगलं भोक आणि वाईट भोक यातला फरक कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही ती तितक्याच निष्ठेने बुजवते. भर रानात अडकलो असतो तर टाकलीही असती. दारात उभ्या गाडीला कशाला?

गाडी पूर्ण गार झाल्यावरच झाकण काढलं. ते झाकण आतला दाब साधारण ०.९ किलोपर्यंत धरून ठेवतं, म्हणून मिश्रण शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेल्या इंजिनावर ते उघडलं तर तोंड भाजलंच म्हणून समजा. जुना कूलंट परातीत घेतला. ती परात आता स्वयंपाकघरात येणार नाही, असा निकाल घरातून लगेच लागला. नळी चिकटली होती; पेचकसाने उचकटली. नवी नळी, नवी क्लिप, निम्मं शुद्ध पाणी, निम्मा कूलंट. झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू केलं आणि पंखा फिरेपर्यंत बुडबुडे निघू दिले. हवा अडकून राहिली तर सगळी मेहनत फुकट.

चाचा जुनी नळी निरखत होते. फाटलेलं टोक त्यांनी कापून टाकलं, उरलेली धुऊन घेतली आणि आपल्या रंगाच्या हौदाच्या नळाला बसवली. तिथे दाब नाही, त्यामुळे अजून गळत नाही.