डाव्या कुशीवर

एमबीबीएसच्या नव्या तुकडीच्या गळ्यात स्टेथोस्कोप पहिल्या दिवसापासून असतो. वॉर्डात असतो, कॅन्टीनमध्ये असतो, सेल्फीत तर असतोच. प्रश्न उरतो तो कानात कसा घालायचा एवढाच. त्याची टोकं नाकाच्या दिशेनं झुकलेली हवीत. उलटी घातली की आवाज अडतो. मग एखादा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "सर, ठोकेच लागत नाहीत." त्या वेळी पेशंट शेजारच्या खाटेशी कापसाच्या भावावर तावातावानं बोलत असतो.

तपासणीचा क्रम ठरलेला: आधी बघा, मग हात लावा, मग बोटांनी ठोका, शेवटी ऐका. पोरांना शेवटापासून सुरुवात करायची असते. बघण्यात कसलं आलंय कौशल्य, असं त्यांना वाटतं. "काय दिसलं?" विचारलं की उत्तर येतं, "पेशंट दिसला, सर."

ठोकण्याची विद्या आऊएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्यानं 1761 साली पुस्तकात मांडली. त्याच्या वडिलांची खानावळ होती. पिंपात दारू किती उरली ते वडील ठोकून ओळखत आणि तिथूनच मुलाला ही युक्ती सुचली, असं सांगतात. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 1808 मध्ये कोर्व्हिसार या वैद्यानं त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे भाव आला. आमची मुलं आधी बाकावर, मग मेसच्या टेबलावर सराव करतात आणि तोच जोर घेऊन वॉर्डात येतात. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर घट्ट टेकवायचं, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर मनगटातून हलकेच ठोकायचं. आमच्या एकानं कोपरातून सुरुवात केली. दोन-तीन दणके सोसून आजोबा म्हणाले, "या की आत, दार उघडंच हाय."

हल्ली स्किल्स लॅब आहे. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून तिला फार मान. तिथं रबरी बाई झोपलेल्या असतात. अशी पहिली बाहुली 1960 साली नॉर्वेच्या लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्यानं केली. हृदय बंद पडलंय असं समजून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर तिची छाती दाबायची. 30 दाब, 2 श्वास. हे बाहुलीवर शिकलेलंच बरं, त्यात वाद नाही. पण बाई फारच सोशीक. एसीत गारठलेले हात पोटावर ठेवले तरी हूं की चूं नाही. वॉर्डातल्या आजी मात्र किंचाळतात, "मुडद्या, बर्फात हात घालून आलास का?" त्यानंतर तो मुलगा जन्मभर आधी तळहात चोळतो. असं किंचाळायचं बटण अजून कुठल्या बाहुलीला बसवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

बाहुलीकडून हिस्टरी घेण्याचं तर विचारूच नका. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, खोकला कधीपासून?" पहिल्या महिन्यात शिकवलेली मराठी तिनं प्रामाणिकपणे वापरली होती. काका म्हणाले, "पोळ्यापासून." बैल सजवायचा सण तिला कुठून ठाऊक असणार? तिनं केसपेपरवर लिहिलं: चपाती खाल्ल्यावर खोकला. वर माझ्याकडे अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांची यादीही आणली. यादी चांगली होती.

खरे प्राध्यापक खाटेवर असतात. आमच्याकडे एक जुने काका आहेत, मायट्रल स्टेनोसिसचे. हृदयाची झडप आकसलेली, त्यामुळे एक खर्जातली घरघर, भल्याभल्यांना हुलकावणी देणारी. परीक्षा आली की त्यांना आवतण जातं. गेल्या खेपेला बाहेरगावचे परीक्षक होते. पोरगा घामाघूम. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून नुसताच उभा. काका हळूच डाव्या कुशीवर वळले.

"आता काय कराल?" परीक्षकांनी विचारलं.

पोरगा गप्प. काकांनी श्वास सोडला आणि रोखून धरला.

"काका, प्रश्न त्याला आहे."

काकांनी कसाबसा श्वास घेतला. "तेच तर. त्याला म्हणावं, बेलच्या बाजूनं ऐक, अलगद ठेव. सकाळपासून समदे चपटी बाजूच दाबायलेत."

पोरानं बेल ठेवली. ऐकलं. चेहरा उजळला. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

काका उताणे होत म्हणाले, "पुढचा बोलवा, सायेब. पण आधी च्या सांगा."